कोपऱ्यातली हळद

अड्यार, चेन्नई
२ सप्टेंबर २००७

अप्पा,

इथूनच वाकून नमस्कार करते. तुम्ही आशीर्वाद दिलात की नाही ते इथून दिसत नाही, म्हणून दिलात असं धरून पुढे लिहिते.

फोन करून मी थकले. दर वेळी मीनाक्षी आत्या उचलते आणि तुम्ही निजलात म्हणून सांगते. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, तुम्ही कधी निजलात? परवा मी खोदून विचारलं तेव्हा तिच्याच्यानं राहवलं नाही. "मी काय करूं गे, निजलाय म्हणून सांग म्हणून अण्णानंच सांगिटलाय," असं ती म्हणाली आणि मागून तुमचा खोकला ऐकू आला. झोपेतला खोकला वेगळा असतो, अप्पा. म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्राला तुम्ही निजलात म्हणून कुणी सांगू शकत नाही.

माझं मराठी बघून दचकू नका. खोलीत माझ्याबरोबर राहते ती संयुक्ता सोलापूरची आहे. मी बोलायला लागले की तिला तिचे खापरपणजोबा आठवतात म्हणे, आणि त्यांना तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. हे पत्र ती शेजारी बसून तपासते आहे. तंजावरचं मराठी मी खिशात ठेवलंय, तुम्ही बोलाल त्या दिवशी काढीन.

आता मुद्द्याचं. मला गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी लागली. पंपांचे सुटे भाग करणारा लहानसा कारखाना आहे. लेथवरून आलेले बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, बरोबर आहेत की नाहीत ते मी तपासते. हातात एक गेज असतं. त्याचं एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. मला हे काम आवडतं. पहिल्या पगारातून कापड घेतलं, इथल्या सुंदर टेलरकडून चुडीदार शिवून घेतला, पिस्त्याच्या रंगाचा, त्यावर पांढरी ओढणी.

नवं कापड अंगावर घालायच्या आधी हात थांबला. अम्मा कापडाच्या कोपऱ्याला हळद लावायची ती तिळाएवढी, शोधावी लागे. अम्मा गेली आणि आत्या विधवा म्हणून हळदीला हात लावेना, तेव्हा तुम्ही लावायला लागलात. तुमचा अंगठा म्हणजे अंगठाच. शाळेत मुली विचारायच्या, सांबार सांडलं का गं. घरी येऊन मी रडले तर तुम्ही म्हणालात, दिसली पाहिजे, नाहीतर लावून काय उपयोग. माझ्या फ्रॉकला, आत्याच्या साडीला, पेपरवाल्याला दिलेल्या शर्टालासुद्धा तुमचा अंगठा असे. इथे या खोलीत कोण लावणार? हळद मोठ्यानं लावायची, आणि संयुक्ता माझ्याहून लहान. शेवटी सांबारासाठी आणलेली हळद वाटीत भिजवली आणि ओढणीच्या कोपऱ्याला मीच लावली. आपलंच आपल्याला हळद लावणं म्हणजे आपल्याच पाया पडण्यासारखं वाटलं, पण लावली.

त्याच दिवशी बसमध्ये एक बाई बसल्या होत्या. जाड काचांचा चष्मा, खळ घातलेली सुती साडी. मी उभी होते, म्हणून इथल्या रीतीप्रमाणे माझी पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. मध्य कैलाशच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा माझ्या ओढणीचं टोक त्यांच्या हातावर पडलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उचललं, हळद बघितली, मग मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"नल्ला इरुक्कु मा," त्या म्हणाल्या. "वीट्टुल पेरियवंग इरुक्कांग पोल."

छान आहे गं. घरात मोठं कुणी आहे वाटतं. एवढं बोलून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या थांब्याला उतरल्या.

दिवसभर बुश तपासताना मी तेच वाक्य तपासत होते. ड्रेस छान आहे असं म्हणाल्या, की तुझ्या आजीनं सजवून पाठवल्यासारखी दिसतेस असं? घरच्यांचा हात आहे पाठीवर म्हणून कौतुक केलं, की या वयातही घरचे कोपरे रंगवून देतात म्हणून हसल्या? ओठाचं एक टोक जरा वर गेलं होतं, पण काहींचा ओठ तसाच असतो. आणि मला राग नक्की कशाचा आला? त्यांनी विचारलंही नव्हतं, तरी मला उत्तर द्यायचं होतं की नाही हो, घरात मोठं कुणी नाही, जे आहेत ते फोनवर निजतात.

मी विश्वेशकडे नांदायला परत जाणार नाही. हे तुम्ही आत्याकरवी चार वेळा विचारलंत, म्हणून उत्तर तुम्हालाच लिहिते आहे.

तुमची,
हरिणी


अड्यार
२३ सप्टेंबर २००७

अप्पा,

तुमचं उत्तर आलं नाही, पण आत्याचा फोन आला. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलंत आणि दुसऱ्या दिवशी सदरा बदलला तरी पत्र नव्या खिशात गेलं, एवढं तिनं सांगितलं. मग तुमचा निरोप सांगितला. दीपावलीला दोघं या, दोघांचं कापड आणून ठेवतो.

दोघांचं. हा शब्द तुम्ही मुद्दाम घातलात हे मला कळलं. मला दीपावलीचा सकाळचा तेलाचा वास, पाटावर ठेवलेलं कापड आणि त्याच्यावरचा तुमचा अंगठा किती हवा आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच त्याला अट बांधलीत. हवं आहेच, अप्पा. अट नको आहे.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की झालं काय. जूनमध्ये मी बॅग घेऊन तंजावरला आले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. "जावई कुठे?" एवढं विचारलंत. मग कॉफी केलीत, टंबलर हातात दिलात, आणि संध्याकाळच्या बसमध्ये बसवून म्हणालात, नवऱ्याबरोबर ये, तोवर नको. कॉफीत साखर बरोबर होती. तुम्ही विसरला नव्हतात. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

तेव्हा विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. मी टायफॉइडनं पडले होते. अड्यारच्या लॅबमध्ये माझी नोकरी होती, यंत्रांची मापं जुळवण्याची, तुम्हाला तिचा अभिमान होता. बरी होऊन गेले तर माझ्या टेबलाशी दुसरी मुलगी बसलेली. माझ्याच कपातून चहा पीत होती. साहेब म्हणाले, तुझ्या मिस्टरांचा फोन आला होता, तू आता येणार नाहीस म्हणाले, आम्हालाही वाईट वाटलं. पेरुंगुडीला घरी येऊन मी विश्वेशला विचारलं. तो जेवत होता. "तुला झेपत नव्हतं, मी सोडवलं तुला," तो म्हणाला आणि रस्सम वाढून घेतलं. मारलं नाही, ओरडला नाही. माझ्या वतीनं माझं आयुष्य आवरून ठेवलं आणि भात कालवला. मी तरी काही महिने राहिले, कारण त्याला आपण काय केलं ते कळेल असं वाटत होतं. त्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरी नोकरी शोधते म्हटलं तर म्हणाला, पुन्हा फोन करायला लावू नकोस. त्याच आठवड्यात मी बॅग भरली.

मागच्या शनिवारी तो गिंडीला कारखान्याच्या फाटकाशी आला होता. म्हैसूरपाक घेऊन. "बरी दिसतेस," म्हणाला, "हे कपडे इथे चालतात वाटतं." बघा, अप्पा, ज्याला त्याला माझ्या कपड्यांवर बोलायचं आहे. म्हैसूरपाक मी वॉचमन सत्यनारायणला दिला आणि विश्वेशला सांगितलं की या फाटकाशी पुन्हा येऊ नकोस, पुढचं बोलणं वकिलासमोर. माझा आवाज कापला नाही. बोलताना ओढणीचं हळदीचं टोक मी मुठीत धरलं होतं.

त्याच ओढणीची दुसरी गंमत. संयुक्तानं प्रेमानं माझे कपडे धुतले आणि कोपऱ्याला डाग दिसला म्हणून साबणानं घासला. हळदीला साबण लागला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लालभडक झाला. ती घाबरून धावत आली, मी तुझं रक्त काढलं की काय म्हणून. मी हसत सुटले, पाणी घातलं, लाल गेलं आणि पिवळं तिथेच राहिलं. ऊन खाऊन आता फिकट झालंय, पण आहे.

दीपावलीला दोघं म्हणून मी येणार नाही.

हरिणी


अड्यार
१४ ऑक्टोबर २००७

अप्पा,

या पत्राबरोबर पार्सल आहे. आधी पत्र वाचा, मग सोडा.

आत एक सुती साडी आहे, निळी, बारीक चौकड्यांची. दीपावलीला नेसायला मी माझ्या पैशांनी घेतली. ती कोरी आहे. मी तिला हळद लावलेली नाही आणि या वेळी मी लावणारही नाही. तुमच्या घरात वाटी आहे, हळद आहे आणि अंगठा आहे. लावावीशी वाटली तर लावा आणि परत पाठवा. नाही वाटली तर कोरी पाठवा, मी कोरी नेसेन आणि यापुढे विचारणार नाही. फक्त ठेवून घेऊ नका. जाणं किंवा न जाणं, दोन्ही मला कळतं. मधेच अडकलेलं गेज मी दिवसभर बघते, घरी आल्यावर ते नको.

संयुक्ता म्हणते, असं वडिलांना कोंडीत पकडू नये. मी म्हटलं, त्यांनी मला दारात पकडलं तेव्हा तू कुठे होतीस. मग तिनं दोरी बांधायला बोट धरलं.

त्या बसमधल्या बाई पुन्हा भेटल्या. मी रोज शोधतच होते. मनात सगळं उत्तर तयार ठेवलं होतं. शेजारची जागा रिकामी झाली तशी बसले आणि तामिळमध्ये म्हटलं, "मामी, तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, घरात मोठं कुणी आहे वाटतं. तसं कुणी नाही. ती हळद मीच लावली होती."

मामींनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी कोण, कुठली हळद, कसला दिवस. मी दीड महिना ज्या वाक्याचा कीस काढला ते त्यांनी उतरण्याआधीच टाकून दिलं होतं. मग माझ्या अंगावरचा जुना तपकिरी ड्रेस निरखून त्या म्हणाल्या, "हा बरा बसलाय तुला."

म्हणजे तो पिस्ता रंगाचा बरा बसला नव्हता का? मी विचारलं नाही. मला इतकं हसू आलं की कंडक्टर वळून बघायला लागला. आणि हसता हसता एक गोष्ट पक्की कळली. त्यांना काय म्हणायचं होतं त्याला आता काही महत्त्व नाही. त्या वाक्यानं मला जे हवंसं वाटलं ते मात्र खरं आहे. घरात मोठं कुणी असावं असं मला वाटतं. नवरा घेऊन येण्याच्या बदल्यात नव्हे. मी जशी आहे तशी, गिंडीची नोकरी आणि अड्यारची खोली धरून.

म्हणून साडी पाठवली. उत्तर कापडावर आलं तरी चालेल.

हरिणी


अड्यार
१० नोव्हेंबर २००७

अप्पा,

हे पत्र मी निळी साडी नेसून लिहिते आहे. दीपावली परवा झाली हे मला माहीत आहे. साडी आज का नेसले ते आता सांगते. तुम्ही पहिलं पान वाचून रागावू नका.

पार्सल दीपावलीच्या आदल्या दिवशी कारखान्यात आलं. मी तिथेच कात्रीनं दोरी कापली. साडी वरच होती. चारही टोकं बघायची वेळच आली नाही, पहिल्याच टोकाला तुमचा अंगठा होता. सगळा. रेघांसकट. शाळेत मुली सांबार म्हणायच्या तेवढा. मी टेबलाखाली वाकले, काही पडलंय असं दाखवलं आणि डोळे पुसून वर आले.

मग साडीखालचा पुडा काढला. त्यात वेष्टी, संयुक्ता धोतर म्हणते ती. नवी, पुरुषाची, कोरी. चिठ्ठी नाही.

माझ्या अंगाचा भडका उडाला, अप्पा. दोघांचं कापड आणून ठेवतो, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि हे दोघांचं कापड आलं. म्हणजे अट साडीच्या घडीखाली घालून पाठवलीत. विश्वेशची वेष्टी माझ्या हातानं त्याला द्यावी, मग अंगठा माझा. मी दोन्ही कापडं होती तशी पिशवीत घातली. दीपावलीच्या सकाळी संयुक्तानं माझ्या डोक्याला तेल लावलं, आम्ही नाहलो आणि मी पिस्ता रंगाचा जुना ड्रेस घातला, ओढणीच्या कोपऱ्याला माझीच विटलेली हळद असलेला. खाली मुलं फटाके लावत होती. मी दिवसभर तुमच्यासाठी एक पत्र मनात लिहीत होते. ते वाचलं असतंत तर तुम्ही खरोखर निजला असतात.

काल आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "वेष्टी धाडलीस का गे?"

"कुणाची वेष्टी?" मी म्हटलं.

"कुणाची म्हणजे? अण्णाची. त्याच्या काठाची दुसऱ्या कुणाची असणार? तुझी अम्मा गेल्यावर त्याच्या कापडाला हळद लावणार कोण? मी लावायची नाही. आपलं आपण लावून घेणार नाही तो. इतके दिवस कोरंच नेसत होता. तुझं पार्सल बघिटलं, मग बाजारात जाऊन वेष्टी आणिटला. हरिणी लावून धाडेल म्हणून सांगिटला."

मग ती पुढे म्हणाली, "दीपावलीला जुनीच नेसून बसलाय. शेजारचे राजगोपालराव नवं कापड कुठे म्हणून विचारले, तर चेन्नईहून येतेय म्हणून सांगिटला."

"आणि विश्वेश?"

"त्याचं नाव काढिटला नाही. तू सगळं लिहून धाडलीस ते पत्र अजून खिशात अहे."

पिशवीतून वेष्टी काढली तर अरुंद हिरवा काठ. तुमचाच. मला कळायला लागल्यापासून तुमचा एवढाच काठ आहे. विश्वेश तर रुंद जरीशिवाय हात लावत नाही. केसाएवढ्या फरकानं माल परत पाठवणाऱ्या मला बोटाएवढा काठ दिसला नाही. राग आला की गेज कुठल्या कामाचं नाही. तुम्हीही दोन शब्द लिहिले असते तर तुमचं काय गेलं असतं? पण तुम्ही लिहिणार नाही. तुमचं सगळं अंगठ्यातच.

एक गोष्ट या पत्रातही स्पष्ट लिहिते, म्हणजे वेष्टीच्या आनंदात ती राहून जायला नको. मी विश्वेशकडे जाणार नाही. जयंती वकील म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याकडे कागद दिले आहेत. वेळ लागेल. लोक तुम्हाला विचारतील, ते मला माहीत आहे, आणि मी ते तुमच्यावरून उचलून घेऊ शकत नाही. पोंगलला सुट्टी आहे. मी येते आहे, एकटी. या वेळी दारात उभे राहू नका, बाजूला व्हा. कॉफी मी करीन.

आज सकाळी नाहून मी साडी नेसले. तुमचा अंगठा पदराला ठेवला, समोर दिसेल असा. संयुक्ता म्हणाली, आज तरी जरा आत खोचून घे. मी नाही म्हटलं. मग वाटीत हळद भिजवली. मला अम्मासारखं तिळाएवढं लावायचं होतं, पण माझाही अंगठा तुमच्यावर गेलाय. वेष्टीच्या काठाला, डाव्या टोकाला, पुष्कळ मोठी लागली आहे. वाळू दिली आणि आता ती या पत्राखाली बांधते. आधी धुऊ नका. आत्याला साबण लावू देऊ नका.

नाहून नेसा आणि राजगोपालरावांच्या दारावरून एक चक्कर मारून या. ते नक्की कोपरा उचलून बघतील आणि काहीतरी बोलतील. कौतुक केलं की टोमणा मारला, ते शोधत बसू नका. हो म्हणा. घरात मोठं कुणी आहे.

तुमची,
हरिणी